नऊ नंबरची न मळलेली जर्सी

पाणवठा तालमीची टीम कशी खेळली, हे पेपरात छापून यायच्या आधी गौराबाईंच्या धुण्याच्या दगडावर ठरायचं. मॅच संपली की खेळाडू तालमीत येऊन जर्सी उतरवायचे, कप्तान वीरेश त्या सगळ्या एका चादरीत बांधायचा आणि ते गाठोडं गौराबाईंच्या उंबऱ्यावर आणून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गौराबाई दारातल्या दगडाशी बसायच्या, गाठोडं सोडायच्या आणि एकेक जर्सी उजेडात धरून निकाल द्यायच्या.

"तीन नंबर. दोन्ही कोपरं मळली. झटलंय पोरगं." "सहा नंबर. नुसती पाठ. मागं मागं सरकत पडलंय, भ्यालंय." "गोलकीपर. कुशीला माती. उडी मारली, पर उजवीकडंच. डावीकडं मारायला काय झालतं?"

गल्लीतले लोक चहाचे कप घेऊन भोवती उभे असायचे आणि माना डोलवायचे. गौराबाईंचा निकाल चुकला असं कुणी म्हणत नसे. म्हणायची टाप कुणाची होती?

कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम, तालमीत मारुती आणि मारुतीच्या साक्षीनं फुटबॉलची टीम. कुस्ती शिकवायला काढलेल्या तालमी फुटबॉल का खेळायला लागल्या, असं विचारणारा माणूस बाहेरगावचा समजावा. पाणवठा तालमीची जर्सी पांढरी, छातीवर हिरवा पट्टा. हा रंग कुणी निवडला देव जाणे. धुणारीला विचारून निवडला नव्हता, एवढं नक्की.

गौराबाई नेसरीहून लग्न होऊन या गल्लीत आल्या त्याला छत्तीस वर्षं झाली. नवरा चनबसाप्पा, नारळाचं दुकान, आणि टीममध्ये पाच नंबर, मागच्या फळीत. लग्नानंतर आठवड्याभरातच त्यानं एक गाठोडं आणून पुढ्यात ठेवलं आणि मान खाली घालून विचारलं, "आमच्या पोरांच्या जर्सी तेवढ्या धुशील का?" नव्या नवरीनं धुतल्या. नीळ अशी घातली की पुढच्या मॅचला समोरच्या टीमचे डोळे दिपले म्हणे. त्या दिवसापासून ते धुणं गौराबाईंचं झालं.

चनबसाप्पांची स्वतःची जर्सी मात्र कधी फारशी मळायची नाही. शिवण तेवढी उसवायची, कधी काखेत, कधी खांद्यावर. "उभं राहाय गेलता का खेळाय?" गौराबाई सुईत दोरा ओवत विचारायच्या. "आणि काढताना जरा दमानं काढावी की माणसानं." चनबसाप्पा मिशीत हसायचे आणि दुकानाला जायचे. पुढे खेळणं सुटलं तशी त्यांनी गल्लीतली लहान पोरं शिकवायला घेतली. सहा वर्षांपूर्वी ते गेले.

ते गेल्यावर पंधरा दिवस गाठोडं आलं नाही. लोकांना वाटलं, दुःखात आहेत, कशाला त्रास द्यायचा. सोळाव्या दिवशी गौराबाई स्वतः तालमीच्या पायरीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "धुणं कुठाय?" सून सुष्मितानं वॉशिंग मशीन आणलं तेव्हा घरातले सगळे कपडे त्यात गेले, जर्सी मात्र दगडावरच राहिल्या. ते धुणं हाच नवऱ्याबरोबरचा उरलेला संसार होता, हे गौराबाईंनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. सुष्मिताला ते न सांगता कळलं होतं, म्हणून तिनंही विषय काढला नाही.

आता यातली गंमत अशी, की छत्तीस वर्षं जर्सी बघून मॅच सांगणाऱ्या या बाईनं एकही मॅच बघितलेली नव्हती. लग्न होऊन आल्या तेव्हा घरातल्या बायका स्टेडियमला जात नसत. पुढे जायला लागल्या तेव्हा यांना न जाण्याची सवय झाली होती. आणि त्याच्याही पुढे, न जाणं हाच त्यांचा मान होऊन बसला. सुष्मिता मोबाईलवर मॅच लावून "आत्त्या, या की बघायला" म्हणायची, तर या म्हणायच्या, "त्यात काय बघायचं? उद्या गाठोडं आलं की कळतंय."

तर झालं असं, की त्या रविवारी पाणवठा तालीम चार-शून्यानं हरली. हरण्याची टीमला सवय होती, पण चार म्हणजे जरा जास्तच. सोमवारी सकाळी दगडाभोवती गर्दी होती, पण चहा कुणाच्या घशाखाली उतरत नव्हता. गौराबाईंनी पहिल्यांदा सात नंबरची जर्सी वर काढली. ती अनेकांतची, कोपऱ्यावरच्या धान्यदुकानदाराच्या मुलाची. छाती, पाठ, कोपरं, कॉलरच्या आतसुद्धा माती.

"ह्याला म्हणत्यात खेळणं," गौराबाई म्हणाल्या. "सुष्मिता, त्याच्या घरला दोन शेंगापोळ्या पाठव बाई." अनेकांतच्या घरी दर मॅचनंतर शेंगापोळ्या जायच्या, त्यामुळे त्याचं वजन वाढत चाललं होतं.

मग हाताला नऊ नंबर लागला. गौराबाईंनी जर्सी पुढून बघितली, मागून बघितली, उलटी करून बघितली. पांढरीफेक. काखेतली शिवण तेवढी उसवलेली. काढताना ओढली असणार, आणखी काय. गौराबाईंच्या कपाळाची शीर फुगली.

"हा सम्राट मॅचला गेलता, का लग्नाला? चार गोल खाऊन आलं आणि जर्सीची इस्तरी मोडली न्हाय."

"अव्वा, तो फॉरवर्ड हाय," वीरेश हळूच म्हणाला. गल्लीतली सगळी पोरं गौराबाईंना अव्वा म्हणायची. "बॉल त्याच्यापतूर आलाच न्हाय."

"आला न्हाय तर जाऊन आणायचा. पाय हाईत का न्हाईत?" गौराबाईंनी ती जर्सी नीट चौघडी केली आणि वीरेशच्या हातात ठेवली. "ही मळलीच न्हाय. मळली न्हाय ती मी धूत न्हाय. ज्याची त्याला दे जा."

छत्तीस वर्षांत जर्सी न धुता परत गेल्याचं हे पहिलं उदाहरण.  दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी घडी केलेल्या जर्सीचा फोटो काढून स्टेटसला टाकला, खाली अव्वांचं वाक्य. दुपारपर्यंत तो गावभर झाला. आणि संध्याकाळी टेंभे चौक तालमीच्या दारात, म्हणजे ज्यांच्याशी पाणवठ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची खुन्नस त्यांच्या दारात, हा एवढा मोठा डिजिटल बोर्ड लागला: 'आमच्या येथे न मळलेल्या जर्सीही प्रेमाने धुवून मिळतील.'

सम्राट कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात मशीन चालवायचा. ड्यूटी संपवून येताना त्यानं तो बोर्ड वाचला. गाडी तशीच तालमीसमोर लावली, वीरेशकडची ती घडी केलेली जर्सी घेऊन खिळ्याला अडकवली आणि त्याला म्हणाला, "शनवारी माझ्याबिगर खेळा."

शनिवारची मॅच हंगामातली शेवटची, आणि नेमकी टेंभे चौकाबरोबर. बरोबरी केली तरी पाणवठा वरच्या गटात टिकणार होता. हरला तर खालच्या गटात. आणि सम्राटशिवाय टीम म्हणजे मिठाशिवाय तांबडा रस्सा. वरून बातमी अशी होती, की पुढच्या हंगामासाठी टेंभे चौकवाल्यांनी सम्राटला निरोप धाडलाय.

मंगळवारी वीरेश गौराबाईंच्या दारात येऊन बसला. आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग म्हणाला, "अव्वा, एक शब्द बोला की त्याला. चुकलं म्हणा. तेवढ्यानं भागंल."

"मी? चुकलं म्हणू?"

"नुसतं म्हणायचं वो. मनातनं म्हणू नका."

"मनात न्हाय त्ये तोंडात आणाय मी काय पुढारी हाय व्हय?" कोल्हापूरची बाई 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते, आणि रागावली की तिच्या आवाजापुढं पैलवानही दबतो. वीरेश दबला. पण जाता जाता खालच्या आवाजात म्हणून गेला, "कमिटीत बोलणं चाललंय, अव्वा. खालच्या गटात गेलो तर धुणं लॉन्ड्रीला द्यायचं म्हणत्यात. तुमचं वय झालं, म्हणत्यात."

वयाचं कारण खोटं होतं, राग सम्राट गेल्याचा होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.  त्या दिवशी गौराबाईंनी भाकरी थापताना दोनदा परातीतलं पीठ सांडलं, आणि सुष्मितानं ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

बुधवारी जेवताना सुष्मिता म्हणाली, "आत्त्या, मी बघितली होती मॅच. तो पळत होता हो. खोटं कशाला बोलू?"

"मोबाईलात मळ दिसतोय व्हय?"

"मळ नाही दिसत. माणूस दिसतो."

गौराबाईंनी आमटीचं भांडं जरा जोरातच खाली ठेवलं. धुणं हातचं जाणार, ही भीती पोटात होती. पण त्याहून मोठी एक भीती तिच्या शेजारी येऊन बसली होती: आपलं चुकलं असेल तर? एकदा चुकलं तर मग आधीच्या छत्तीस वर्षांचं काय? हा विचार त्यांना अजिबात आवडला नाही.

गुरुवारी संध्याकाळी सम्राटच्या गाडीचा आवाज ओळखून गौराबाई तालमीकडे निघाल्या. बायका तालमीच्या आत जात नाहीत, म्हणून पायरीशीच उभ्या राहिल्या. सम्राट गाडी लावून मारुतीच्या पाया पडायला निघाला होता. त्यांना बघून थांबला.

"काय रं, रुसलास म्हणं माझ्यावर?"

"रुसाय मी काय नवरीमुलगी हाय व्हय, अव्वा?"

"मग शनवारी खेळ की."

"खेळतो. चुकलं म्हणा."

"चुकलं न्हाय तर कसं म्हणू? जर्सी मळली न्हवती. ह्या डोळ्यांनी बघितली."

"जर्सी बघितली. मॅच बघितली का?"

 हा प्रश्न छत्तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

सम्राटचा आवाज खाली आला. "माफी ऱ्हाऊ दे, अव्वा. मला नको ती. तुम्ही शनवारी स्टेडियमला या. शिट्टी वाजल्यापास्नं शेवटपतूर बसा. आणि मग म्हणा, सम्राट खेळला न्हाय म्हणून. परत आयुष्यात ही जर्सी अंगाला लावत न्हाय."

"आणि मी न्हाय आलो तर?"

"तर मी बी न्हाय."

पायरीच्या खाली एक, पायरीच्या वर एक. दोघांच्याही माना सरळ. मारुती मधून दोघांकडे बघत होता आणि त्याला बहुधा कळत नव्हतं कुणाला समजवावं. शेवटी गौराबाईंनी पदर खोचला. "दुपारी किती वाजता आस्तंय त्ये तुमचं?" त्यांनी विचारलं.

शनिवारी गौराबाई ठेवणीतलं इरकल नेसून सुष्मिताच्या स्कूटरवर मागे बसल्या. स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवला तसा पाणवठ्याच्या पोरांनी "अव्वा आल्या! अव्वा आल्या!" असा गलका केला. समोरच्या बाजूनं टेंभे चौकवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. गौराबाईंनी दोन्ही बाजूंना सारख्याच तुच्छतेनं बघितलं आणि पायरी पदरानं पुसून बसल्या.

शिट्टी झाली. पहिली पाच-सात मिनिटं त्यांना काही समजेना. ओळखीच्या तर सगळ्या होत्या. कुठल्या जर्सीला कुठं रफू आहे, कुठला डाग कशानं निघाला नाही, सगळं पाठ. पण आजवर त्यांनी त्या जर्सी दगडावर आणि तारेवरच बघितल्या होत्या. आज त्यांच्या आत माणसं होती, आणि ती जीव खाऊन पळत होती. गौराबाईंना उगाचच भरून आलं. 'बाई बाई, कुठं कुठं पळत्यात माझी पोरं,' असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

एवढ्यात सात नंबर धाडकन पडला. अनेकांत. तीन कोलांट्या खाल्ल्या, पोट धरलं, मातीत लोळला.

"आगं बाई! लागलं की गं त्याला!" गौराबाई उठून उभ्या राहिल्या.

"काही लागलं नाही, आत्त्या. फाऊल मागतोय. बसा."

गौराबाईंनी निरखून बघितलं. अनेकांत लोळत होता, पण एक डोळा उघडा ठेवून रेफरीकडे बघत होता. रेफरीनं लक्ष दिलं नाही तसा उठला आणि चड्डी झटकून चालू लागला. पाच मिनिटांनी पुन्हा पडला. आसपास माणूस नव्हता, वाराही नव्हता. तिसऱ्यांदा पडला तेव्हा गौराबाईंनी कपाळावर हात मारला.

"ह्याला शेंगापोळ्या चारल्या मी! पाच वर्षं!"

मागच्या पायरीवरचं एक पोरगं फिस्सकन हसलं, पण गौराबाईंनी वळून बघितल्यावर त्याला खोकला आला.

मग त्या नऊ नंबर शोधू लागल्या. सम्राट पुढं होता, एकटा. त्याच्या मागं टेंभे चौकाचे दोन बैलासारखे गडी चिकटलेले. बॉल आला की एकजण त्याला कोपर मारी आणि दुसरा पाठीमागून जर्सी मुठीत धरी. जर्सी ताणून हातभर लांब व्हायची. सम्राट झुके, अडखळे, एका गुडघ्यावर येता येता सावरे. पडत नसे. रेफरीकडे बघतही नसे. नुसता जर्सी झटके आणि पुन्हा पळायला लागे.

"अगं, ती फाडतील की जर्सी," गौराबाई म्हणाल्या.  मांडीवरचे हात त्यांनी एकमेकांत घट्ट धरले.

पूर्वार्ध संपता संपता टेंभे चौकानं गोल केला. समोर हलगी कडाडली. पाणवठ्याच्या बाजूला सुतक पडलं. उत्तरार्ध सरत चालला, मिनिटं संपत आली, आणि पाणवठा एकानं मागंच. सुष्मिता नखं खात होती. गौराबाईंनी देवाचं नाव घ्यायचं म्हणून गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला होता आणि तोंडानं मात्र टेंभे चौकाच्या दोन गड्यांचा उद्धार चालला होता.

मॅच संपायला तीन-चार मिनिटं राहिली असतील. वीरेशनं मागून लांब बॉल टाकला. सम्राट त्या दोघांच्या मधून सुटला आणि थेट गोलपुढच्या चौकटीत शिरला. तसा एकानं मागून जर्सी धरली, दुसऱ्यानं खांद्यावर हात टाकला. जर्सी कमरेपासून मानेपर्यंत ताणली गेली. आणि पाणवठ्याच्या पायऱ्यांवरनं एकच ओरडा उठला: "पड! पड रं सम्राट! पड!"

"पड का म्हणत्यात?" गौराबाई किंचाळल्या.

"तिथं पडला तर पेनल्टी मिळते, आत्त्या! सरळ गोल!"

पाणवठ्याची अख्खी बाजू त्या पोराला पड म्हणत होती. पडणं सोपं होतं, दोघांनी त्याला जवळजवळ पाडलाच होता. आणि गेल्या सोमवारी ज्यांनी मळली नाही म्हणून त्याची जर्सी परत केली, त्या गौराबाई दगडी पायरीवर उभ्या राहून, पदर खोचून, गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "पडू नगंस! सम्राट्या, पडू नगंस!"

त्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो पडला नाही. दोन माणसं पाठीवर घेऊन तीन पावलं गेला आणि बॉल हाणला. गोलकीपरनं हातानं अडवला. बॉल उडाला, बाजूला घरंगळला, आणि तिथं कुठून तरी सात नंबर आला. अनेकांतनं अंग झोकून दिलं, मातीतनं पोटावर घसरत गेला आणि बॉल डोक्यानं आत ढकलला.

"आज कामाचं पडलं बघा माझं लेकरू!" गौराबाई ओरडल्या आणि शेजारच्या अनोळखी बाप्याच्या पाठीत धपाटा घातला. पावणे टेंभे चौकाचे निघाले, पण त्यांनी रागावून घेतलं नाही.

एक-एक. बरोबरी. पाणवठा वरच्या गटात टिकला. हलगी आता अलीकडच्या बाजूला वाजत होती.

रविवारी सकाळी गाठोडं घेऊन सम्राट स्वतः आला. मागं वीरेश, अनेकांत आणि चहाचे कप घेतलेली अख्खी गल्ली. गौराबाई दगडाशी बसल्या. गाठ सोडली. सात नंबर वर काढला. तो तर ओळखू येत नव्हता.

"हे बघ, अनेकांत," त्या म्हणाल्या. "पोटावरची माती कामाची. बाकीची तुझी तू धू." लोक पोट धरून हसले. अनेकांतही हसला, पण त्याच्या शेंगापोळ्या त्या दिवसापासून बंद झाल्या त्या झाल्याच.

मग नऊ नंबर. पांढरीच. पण आज गौराबाईंनी ती पुढून बघितली नाही, आधी पाठ बघितली. कमरेच्या दोन्ही बाजूंना मातकट बोटांचे ठसे होते, मुठी वळलेले. काखेतली शिवण चार बोटं उसवलेली. खांद्यावरची पण. गौराबाईंनी त्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"दोघं दोघं पाडत हुते तुला," त्या म्हणाल्या. "सगळं गाव पड म्हणत हुतं. पडला का न्हाईस रं?"

सम्राट जरा लाजला. "अप्पांनी शिकवलंय न्हवं का," तो म्हणाला. अप्पा म्हणजे चनबसाप्पा. "मी धा वर्साचा हुतो. धक्का लागला की पडायचो. अप्पांनी उभं केलं आणि म्हणले, 'पाडणारा पाडू दे, आपुन पडायचं न्हाय. पाणवठ्याची जर्सी हाय ही. मातीला टेकवायची तर कामाला टेकवायची, रडाय न्हाय.'" तो थांबला. "आणि म्हणायचे, 'पांढरा रंग हाय, आणि घरात धुणारी एकटी हाय. तिला उगंच कशाला तरास?'"

गौराबाईंनी उसवलेली शिवण परत उजेडात धरली. 

"मला कधी बोलले न्हाईत त्ये," गौराबाई म्हणाल्या.

"आमाला म्हणायचे, तिला सांगू नका. डोक्यावर बसंल."

कुणीतरी हसलं. गौराबाईही हसल्या, पण त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. सगळ्या गल्लीच्या देखत, चांगल्या मोठ्या आवाजात त्या म्हणाल्या, "चुकलं माझं, सम्राट." मंगळवारी वीरेशनं हात जोडून मागितलेला शब्द आज कुणी न मागता आला होता.  सम्राटनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि कारखान्याची ड्यूटी नसतानाही ड्यूटीला उशीर होतोय असं सांगून निघून गेला. लॉन्ड्रीचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

गर्दी पांगल्यावर सुष्मिता बाहेर आली. गौराबाई अजून बसल्याच होत्या. मांडीवर नऊ नंबर, हातात सुईदोऱ्याचा डबा.

"आत्त्या, आधी धुवायची नाही का?"

"आधी शिवायची," गौराबाई म्हणाल्या.

दार उघडं होतं. आत भिंतीवर चनबसाप्पांचा फोटो होता, मिशीसकट. गौराबाईंनी दोरा दुहेरी केला, कारण पुढच्या हंगामात पुन्हा ओढणार होतेच, आणि टाके घालता घालता त्या फोटोकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "सांगायचं की वो एकदा तरी. उभं राहाय गेलता का, म्हणून मी हिणवत हुतो. आणि तुमी नुसतं हसत बसला."

शिवण पुरी झाली. दोरा दातानं तोडला. मग त्यांनी ती जर्सी पाण्यात बुडवली, आणि मळ नव्हता तरी त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ तीच धूत बसल्या.